हंडेबुडव्या

“मीच टाकली भांडी. ऊन डोक्यात गेलं माझ्या.”

गोणपाट पिळता पिळता मटिल्डाच्या कानात तो आवाज पुन्हा आला. किती वर्षांचा जुना. पण ओला गोणपाट हातात धरला की तो यायचाच, जणू तागाच्या त्या जाड धाग्यांत कुठेतरी अडकून राहिलेला. सिप्रियन तेव्हा तिशीच्या आतला होता. आवाज कोवळ्या केळीच्या पानासारखा, जरा वारा लागला की चिरणारा. तो विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहून जमलेल्या माणसांना सांगत होता आणि ती आत, काळोख्या खोलीत, रांगत्या क्लेमेंटला छातीशी धरून ऐकत होती.

तिनं गोणपाट खिडकीच्या गजांना बांधला. दुसरा मधल्या दारावर सोडला. खालून पाण्याचे थेंब टपटपू लागले, शेणानं सारवलेल्या जमिनीवर गोल गोल डाग पडले आणि आत येणाऱ्या वाऱ्याला ओल्या तागाचा वास लागला. मे महिना होता. वसईतला उन्हाळा म्हणजे घाम येतो आणि वाळत नाही, वारा येतो आणि लागत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दुपारी तोही तोंड फिरवून बसल्यासारखा.

बाहेर नारळाच्या झावळ्यांचा मांडव उभा होता. उद्या क्लेमेंटचं लग्न. आज संध्याकाळी उंबराचं पाणी आणायचं होतं, म्हणजे नवऱ्या मुलाच्या न्हाणाचं पाणी, घुमट वाजवत, गाणी म्हणत, घरच्याच विहिरीवरून. बायका सकाळपासून येत होत्या. शेजारची उर्सुला तर पहाटेच येऊन चुलीपाशी ठाण मांडून बसली होती.

“अगं ए, नवऱ्याची आई!” तिनं स्वयंपाकघरातून आवाज दिला. “खिडक्यांना काय गोणपाट नेसवत बसलीस? आधी स्वतः नेस की!”

“ह्यांना ऊन सोसत नाय ना,” मटिल्डा म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडात इतकं मुरलं होतं, की ते म्हणताना तिला ऐकूही येत नसे. आज मात्र ऐकू आलं. जिभेला खरखरीत लागलं.

गिरीजच्या वाड्यांमध्ये तेव्हा विजेचे पंप नव्हते. राहाट होते. बैल गोल फिरायचा, चाक करकरायचं, लोट्यांची माळ विहिरीत उतरायची आणि भरून वर यायची. ते पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून केळीच्या बुंध्यांशी जायचं. त्या उन्हाळ्यात मटिल्डाची झोप गेली. आधी थोडी, मग सगळीच. रात्री अंथरूण तव्यासारखं तापलेलं, मूल रडणारं, आणि दिवसा प्रत्येक आवाजाला धार आलेली. कावळा ओरडला तरी तिला वाटायचं, कुणी आपलं नाव घेऊन ओरडतंय. मग तिच्या कानात राहाट फिरू लागला. सिप्रियन बैल सोडायचा, बाहेरचा राहाट थांबायचा, पण कानातला फिरतच राहायचा, आणि त्याचा लोटा न् लोटा रिकामा वर यायचा.

एका दुपारी तिनं घरातला हंडा उचलला आणि विहिरीत टाकला. तो पाण्यावर आदळला तसा कानातला राहाट थांबला. क्षणभरच; पण त्या क्षणात एवढी शांतता होती, की तिला ती पुन्हा हवी झाली. तिनं कळशी टाकली. घागर टाकली. उर्सुलाकडून बारशाला मागून आणलेली तांब्याची कळशी टाकली. सगळी भांडी संपली, तशी ती आणखी काय टाकता येईल ते शोधत कठड्यावर वाकली, आणि वाडीतून धावत आलेल्या सिप्रियननं तिला कमरेला धरून मागं ओढलं. तिला आत नेलं, मुलाला तिच्या मांडीवर दिलं, आणि आवाज ऐकून कोण कोण धावून येतंय ते बघायला बाहेर गेला.

मग ते वाक्य.

भांडी गळ टाकून काढली, काही तळाला तशीच राहिली. सिप्रियनला मात्र त्या दिवसापासून नाव पडलं: हंडेबुडव्या. गिरीजमध्ये एकदा नाव पडलं की ते बाप्तिस्म्याच्या नावापेक्षा जास्त टिकतं. बाजारात केळीवाले विचारायचे, “काय हंडेबुडव्या, यंदा किती?” तो हसून म्हणायचा, “यंदा विहीर लहान पडतेय रे.” लग्नाकार्यात विहीर जवळ असली, की कुणीतरी त्याच्या खांद्याला धरून त्याला लांबच्या बाकावर बसवायचं. तो बसायचा.

तिनं तेव्हाच विचारलं होतं, “का बोललात असं?”

“केळीला काय गं,” तो म्हणाला होता, “मालक शहाणा असो की येडा, घड लागतोच. पण गाणाऱ्या बाईचं डोकं फिरतं म्हटल्यावर तुला कोण मांडवात उभी करील?”

कारण मटिल्डा गाणारी होती. तिची आई गायची, आजी गायची, आणि मटिल्डाच्या गळ्यात त्या दोघी एकदम बसलेल्या. उपवासकाळात लग्नं होत नाहीत. ईस्टर झाला की मांडव पडू लागतात, आणि मग एप्रिल-मेच्या त्या भाजक्या दिवसांत गिरीजपासून नंदाखालपर्यंत तिला बोलावणी. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आत्याचा तोरा, मामाचं पोट, सगळं ती जागच्या जागी गाण्यात ओवायची. म्हाताऱ्या म्हणायच्या, मटिल्डा आली की मांडव जमिनीवरून वीतभर उचलला जातो. तिचा हंगाम तोच होता, जो तिच्या मनाचा वैरी होता.

ते दोघं तो हंगाम दर वर्षी मिळून काढत. सिप्रियन शिकत गेला, चुकत चुकत. ऊन चढायच्या आत खिडक्यांना ओले गोणपाट. दुपारी केळीच्या सावलीत, पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय सोडून बसायचं. मीठ-जिरं घातलेलं कोकम, पातळ पेज. दुपारची झोप, आली नाही तरी डोळे मिटून पडायचं. आणि ऊन उतरेपर्यंत घरात कसलाही निर्णय घ्यायचा नाही, कसलंही भांडण सोडवायचं नाही. लोकांना खरं वाटावं म्हणून तो स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा टाकून तिच्या शेजारी पाटात पाय सोडून बसायचा. पायवाटेनं जाणारी माणसं म्हणायची, बघा, कशी सांभाळते बिचारी.

संध्याकाळी तो एकच प्रश्न विचारायचा.

“आज राहाट फिरतोय का?”

ती म्हणायची, “फिरतोय, पण भरलेला.” मग तो निवांत विडी ओढायचा. कधी ती म्हणायची, “रिकामा.” त्या दिवशी तो विडी ओढत नसे. तिच्या पायांशी बसून राहायचा.

मध्ये एका उन्हाळ्यात तो तिला वांद्र्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला होता. गावात तिनं सांगितलं, ह्यांना दाखवायला नेतेय. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, उष्म्यानं झोप जाते आणि झोप गेली की मन सैरभैर होतं, काहींचं जास्त; ह्यात लाज कसली? झोपेच्या थोड्या गोळ्या दिल्या, पाण्याचं आणि मिठाचं तुम्ही करताय ते बरोबर आहे म्हणाल्या. आणि उठताना म्हणाल्या, “हे तुमच्या नवऱ्याला एकट्याला माहीत असून भागणार नाही हं. आणखी चारजणांना कळू दे. तेही औषधच आहे.”

गोळ्या तिनं घेतल्या. ते दुसरं औषध तसंच राहून गेलं.

क्लेमेंटला कळलं होतं की नाही, तिनं कधी विचारलं नाही. मोठा झाल्यापासून तोही गोणपाट भिजवायला हात लावायचा, आणि भिजवताना बापाकडे न बघता आईकडे बघायचा, एवढंच.

दुपारी मांडवाच्या तोंडाशी स्कूटर थांबली. नवरीचा मामा, कॉन्रॅड, नंदाखालहून भर उन्हात आला होता. क्लेमेंटचा शिवून आलेला सूट त्यानं छातीशी असा धरला होता, जसं कुणी तान्हं मूल धरावं. कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला माणूस. पण स्वभावाला गर्व नव्हता. बाप नसलेल्या ह्या भाचीला, रोझलिनला, त्यानंच वाढवलं होतं.

क्लेमेंट चर्चमध्ये फुलं लावायला गेला होता. सिप्रियननं मामांना ओटीवर बसवलं. मटिल्डा आत, ओल्या गोणपाटाच्या मागं, पडून होती. डोळे मिटलेले, कान उघडे.

“सिप्रियनभाऊ, राग नका मानू,” कॉन्रॅड म्हणाला. “सूट हे निमित्त. मला तुमच्याशीच बोलायचं होतं.”

“बोला की. आधी कोकम घ्या. उन्हातनं आलात.”

पेला ठेवल्याचा आवाज झाला.

“पोरगी माझ्या हातावर वाढलीय,” कॉन्रॅड म्हणाला. “तुमचं घर चांगलं, मुलगा सोन्यासारखा. पण लोक बोलतात ते कानावर येतं. उन्हाळ्यात तुम्हाला… ते विहिरीचं. म्हणजे बघा, उद्या तिच्या पदरात मूल असेल. घरात विहीर आहे. मनवेलपाड्यात मी एक खोली बघून ठेवलीय. चाळीतली आहे, पण नळ आहे, शेजार आहे. दोघं तिथं राहतील. सणावाराला येतील इथं.”

मटिल्डानं डोळे उघडले. गोणपाटातून ऊन बारीक बारीक ठिपक्यांनी आत येत होतं.

“बरोबर आहे,” सिप्रियन म्हणाला. “माणसानं जपावं.”

“आणि आज संध्याकाळी… तुमच्यात म्हणे पहिली कळशी नवऱ्याचा बाप सोडतो.”

“या घरातली रीत आहे. माझ्या बापानं माझ्यासाठी सोडली.”

“आमच्याकडच्या बायका बघायला येणार आहेत. त्या आधीच घाबरल्यात. तुम्ही जरा मागं राहिलात तर…”

“डॉमनिक सोडेल,” सिप्रियन लगेच म्हणाला, जणू हे त्याचं आधीच ठरलं होतं. “धाकटा भाऊ माझा. काकानं सोडली म्हणून पाणी काय आटतंय थोडंच?” आणि तो हसला. तेच, बाजारातलं हसू.

कॉन्रॅडला ते हसू सहन झालं नसावं. तो म्हणाला, “भाऊ, मला वाईट वाटतं हो.”

“नका वाटून घेऊ. पाणी आणून होईपर्यंत थांबा. मटिल्डाचं गाणं ऐकल्याशिवाय जायचं नाय. तसला गळा तुमच्या कुवेतात मिळायचा नाय.”

गोणपाटाच्या मागं मटिल्डानं पदराचा बोळा तोंडावर दाबला. रांगतं मूल तेवढं छातीशी नव्हतं. बाकी खोली तीच, काळोख तोच, आणि बाहेर तोच माणूस पुन्हा एकदा तिच्या वाटणीचं ऊन स्वतःच्या डोक्यावर घेत होता.

केळीच्या बागेत पाटाला पाणी सोडलेलं होतं. ती जाऊन बसली. पाय घातले. पाण्यात गाळ होता आणि गाळात गारवा. थोड्या वेळानं सिप्रियन आला, पंचा डोक्यावर टाकला, शेजारी बसला. मांडवातल्या बायकांचं हसणं इथवर येत होतं. कुणीतरी घुमट तापवून त्याचं कातडं वाजवून बघत होतं.

“मी सांगणार त्यांना,” ती म्हणाली.

“काय?”

“खरं.”

“दुपार आहे,” सिप्रियन म्हणाला. “ऊन उतरेपर्यंत काही ठरवायचं नाय. नियम काय आपला?”

“नियम तुमचा. मी आज मोडतेय.”

त्यानं पायाच्या अंगठ्यानं पाटातली माती सरकवली. पाणी आडवं वळून दुसऱ्या केळीकडे गेलं.

“उद्या लग्न आणि आज खरं कशाला?” तो म्हणाला. “माझं नाव पडलंय ते पडलंय. नावाचं काय गं, सदऱ्यासारखं असतं. मला मापात बसलंय. राहू दे अंगावर.”

“क्लेमेंटला चाळीत पाठवाल?”

“जवळच आहे मनवेलपाडा. सायकलीनं जाईन.”

“आणि कळशी? तुमच्या बापानं सोडली, तुम्ही नाय सोडायची? पोरगा एकच आहे आपल्याला.”

पंच्यातून एक थेंब त्याच्या नाकावर आला, तो त्यानं पुसला नाही.

“मला बोलवायचं बंद करतील, एवढंच ना?” ती म्हणाली.

“एवढंच?” सिप्रियन तिच्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “एवढंच म्हणतेस? लोक मला लांब बसवतात ना, मांडवाच्या बाहेर? मी तिथं बसतो. मग तू सुरू करतेस. सगळे मांडवात बघत असतात, मी एकटा मांडवाकडे पाठ करून ऐकतो. आणि मनात म्हणतो, लेकांनो, बसवा मला कुठं बसवायचं तिथं. हा आवाज माझ्या घरचा आहे. मागच्या रात्री मी ह्या बाईचे पाय पाण्यात धरून बसलो होतो, आणि आज बघा कशी उभी आहे.” त्याचा श्वास लागला. “मला तेवढं पुरतं. ते नको घालवूस.”

केळीचं एक पान वाऱ्याशिवाय हललं आणि पुन्हा गप्प झालं.

मग त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, “आज राहाट फिरतोय का?”

“फिरतोय.”

“रिकामा?”

“अजून वर यायचाय,” ती म्हणाली.

ऊन माडांच्या शेंड्यांवर चढलं तशी वरात निघाली. अंगणातून विहीर म्हणजे फार तर पन्नास पावलं, पण घुमट आणि गाणं असलं की तेवढ्या वाटेला एक प्रहर लागतो. पुढे घुमटवाला, मागं डोक्यावर कळशा घेतलेल्या मुली, मग बायका, आणि बायकांच्या पुढं मटिल्डा, लाल लुगड्यात, केसांत अबोलीचा गजरा. क्लेमेंट नव्या बनियनवर टॉवेल टाकून लाजत चालला होता. उर्सुला मागून त्याला टोचत होती.

“मान वर कर रे, नवरदेवा! फाशी नाय द्यायची, आंघोळ घालायचीय!”

बायका खिदळल्या. मटिल्डानं गळा सोडला.

“आंब्याच्या डहाळीला, ऊन गं बांधीलं,
नवऱ्याच्या आईनं, सावलीनं सांधीलं.”

बायकांनी ओळ उचलली. नंदाखालहून आलेल्या बायका एका बाजूला घोळक्यानं उभ्या होत्या, कॉन्रॅड त्यांच्या पुढं. आवाज कानावर पडताच त्यांच्यातली एक म्हातारी आपोआप पुढं सरकली. मटिल्डानं कॉन्रॅडलाही सोडलं नाही:

“नवरीचा मामा गं, परदेशी राहीला,
भाचीच्या लग्नाला, उन्हात धावीला.”

हशा उठला. कॉन्रॅड रुमालानं मान पुसू लागला, हसू लागला. मटिल्डाचा आवाज आता पुरा उघडला होता. छातीतून निघून तो माडांना लागत होता आणि परत येत होता. दिवसभराच्या उन्हाचं काहीच त्यात नव्हतं. किंवा सगळंच होतं, तापून पातळ झालेलं.

विहिरीपाशी सगळे थांबले. कठडा फुलांनी सजवला होता. डॉमनिक कळशीच्या गळ्याला दोर बांधून तयार होता, पण त्याचं लक्ष पायांकडे. तिथून बरंच लांब, पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकून, सिप्रियन उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. विहिरीकडे पाठ करून.

ती पाठ मटिल्डानं पाहिली.

आता पहिल्या कळशीची ओवी म्हणायची होती. ही ओवी प्रत्येक लग्नात तीच. फक्त कळशी सोडणाऱ्याचं नातं त्यात घालायचं. घुमट जरा धिमा झाला. तिनं सुरू केलं.

“पहिली कळशी गं, कोणाच्या हातीची…”

आणि ती थांबली.

घुमटवाल्याला वाटलं, ती श्वास घेतेय. त्यानं एक आवर्तन जास्त वाजवलं. आणखी एक. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आजवर कुठल्याच मांडवात मटिल्डाची ओवी अर्ध्यावर अडली नव्हती. उर्सुला शहाणी, तिनं गाणं सावरायला घेतलं.

“नवऱ्याच्या काकाची, वाडीच्या…”

मटिल्डानं हात वर केला. उर्सुला गप्प झाली. घुमटवाल्यानं तळवा कातड्यावर दाबून धरला.

गाण्यात सांगितलं असतं तर सोपं होतं. गाण्यात काहीही चालतं, बायका हसतात, पुढची ओवी येते. म्हणूनच तिनं गायलं नाही. साध्या, बोलायच्या आवाजात, तो जरा घोगरा होता, ती म्हणाली:

“ह्या विहिरीत भांडी टाकली ना कुणीतरी, क्लेमेंट रांगत होता तेव्हा? ती मी टाकली होती. ह्यांनी नाय.”

पंपाच्या खोलीपाशी पांढरा सदरा गर्रकन वळला.

“मटिल्डा,” सिप्रियन तिथूनच म्हणाला.

“ऊन मला लागतं,” ती बोलत राहिली. आता ती कॉन्रॅडकडे बघत होती. “दर उन्हाळ्याला. झोप जाते, मग डोक्यात नको नको ते फिरायला लागतं. डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या घेते, पाटात पाय सोडून बसते. जास्त झालं की ह्यांना सांगते. त्या दिवसानंतर कधी काही टाकलं नाय, कारण हे कायम जवळ होते. तुमच्या रोझलिनला मी स्वतः सगळं सांगेन. मग तिला खोली हवी असली तर खुशाल घेऊ दे. पण ह्यांना भिऊन नको. ह्यांच्यासारखा शहाणा माणूस गिरीजमध्ये दुसरा नाय.” तिनं बायकांकडे तोंड केलं. “आणि तुमच्या मांडवात मी गात होते, ती ह्याच उन्हाळ्यांत. ज्यांना आता मला बोलवायचं नसेल त्यांनी बोलवू नका. गायले ते काही खोटं नव्हतं.”

तिची मान ताठ होती. हात तिनं पदरात गुंडाळले.

पहिला आवाज उर्सुलाचा आला.

“म्हणजे माझी तांब्याची कळशी…”

“मीच बुडवली.”

“अगं माझ्या कर्मा!” उर्सुलानं कपाळावर हात मारला. “आणि मी त्या गरीब माणसाला दर उन्हाळ्यात शिव्या घालतेय! पाणी खाली गेलं की वाकून बघते, चमकतेय का माझी कळशी, आणि म्हणते, मेल्या हंडेबुडव्या…” तिचा आवाज मध्येच फुटला. ती पुढं आली, मटिल्डाच्या पदरातले हात शोधून तिनं धरले, आणि दम दिल्यासारखी म्हणाली, “उद्या दुपारी पाटात बसशील ना, मला हाक मार. मलाही उकडतं.”

कुणीतरी हसलं, कुणी डोळे टिपले. नंदाखालची ती म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “पोरी, ओवी अर्धीच राहिली. तसं पाणी घरात नेऊ नये.”

कॉन्रॅड डॉमनिककडे गेला. त्याच्या हातातली कळशी घेतली, दोर घेतला, आणि नवे बूट चिखलात रुतत असतानाही पाट ओलांडून सरळ पंपाच्या खोलीपर्यंत चालत गेला. सिप्रियनपुढं त्यानं ते दोन्ही धरलं.

सिप्रियननं आधी क्लेमेंटकडे पाहिलं. क्लेमेंट रडत होता आणि त्याच्या तोंडावर नवल अजिबात नव्हतं.

लोकांनी वाट केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिप्रियन चारचौघांसमोर विहिरीच्या कठड्याला टेकला. मटिल्डा त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं ओवी जिथं सोडली होती तिथूनच उचलली.

“पहिली कळशी गं, कोणाच्या हातीची,
नवऱ्याच्या बापाची, वाडीच्या मातीची.”

बायकांनी ती ओळ अशी काही धरली, की मांडवाच्या झावळ्या हलल्या असाव्यात. दोर त्याच्या तळहातातून सरसरत खाली गेला. कळशी पाण्याला लागली, कलली, भरली. तो ओढू लागला, एक एक हात, न थांबता. कळशी काठावर आली तेव्हा पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं आणि कापड छातीला चिकटलं.

घुमट जोरात सुरू झाला होता. मुली आपापल्या कळशा पुढं करत होत्या. त्या गोंधळात सिप्रियन मटिल्डाकडे वाकला. ती थांबली, तिला वाटलं, तो रोजचा प्रश्न विचारणार. उत्तर तिनं तयारही ठेवलं होतं.

पण त्यानं काही विचारलं नाही. ओल्या सदऱ्यावर हात ठेवून, फक्त तिला ऐकू जाईल असं, तो म्हणाला,

“टोचायचा गं तो सदरा. पहिल्या दिवसापासून टोचायचा.”